गाठ नसलेलं पान

बालाघाट,
कोजागिरीनंतरचा सोमवार

प्रिय समीक्षा,

पत्रानं कळवते म्हटलं तेव्हा तू हसलीस. आजकाल पत्र कोण लिहितं ताई, व्हॉइस मेसेज टाक, म्हणालीस. तुझा फोन कायम स्पीकरवर असतो गं. मागे एकदा मी आईच्या डायपरबद्दल सांगत होते आणि पलीकडून तुझ्या मैत्रिणी 'अरेरे' म्हणाल्या होत्या. म्हणून हे कागदावर, आणि मराठीत. तुझ्या पुण्याच्या घरात मराठी वाचणारी तू एकटीच. जावईबापू जबलपूरचे, मुलांचं सगळं इंग्रजीत. आपणही हिंदी शाळेतच शिकलो, पण आईनं दुपारी दोघींना बसवून पाटीवर ळ गिरवून घेतला होता. तू रडायचीस आणि तुला सुट्टी मिळायची. मी गिरवत बसायचे, म्हणून माझा ळ अजून बरा येतो.

तू फोनवर दोन गोष्टी विचारल्यास. एक, आईच्या तेरवीला तू तिच्या मनीप्लांटच्या ज्या फांद्या नेल्यास त्यांना सहा महिने होऊनही मुळं का फुटत नाहीत, आई तुझ्यावर रागावली आहे का. दुसरी, शेवटी शेवटी आईनं तुझी आठवण काढली होती का. दुसरं विचारताना तुझा आवाज भरून आला, मग तुझ्या दाराची बेल वाजली, आणि 'थांब ताई, पार्सल आलंय' म्हणून तू फोन ठेवलास. पुन्हा काही केला नाहीस. पहिल्याचं उत्तर सोपं आहे, म्हणून आधी तेच देते. दुसऱ्यासाठी मला जरा दम घ्यावा लागेल.

वेल मी छाटली. गणपती उठल्यावर महागू पेंटर दिवाळीच्या रंगासाठी भिंती बघायला आला होता. बाहेरच्या खोलीत उभा राहून त्यानं चहूकडे मान फिरवली आणि म्हणाला, 'बाई, पर भिंत कोठं हाय?' खोटं नव्हतं. खिडकीतल्या कुंडीतून निघालेली वेल पडद्याच्या दांडीवरून गेली होती, ट्यूबलाइटला वेढा घालून बाबांच्या फोटोवर उतरली होती, तिथून चौकटीवरून आईच्या खोलीत शिरली होती आणि कूलरच्या मागून परत खिडकीशी आली होती. बाबांचे डोळे तेवढे दिसत. आणि नुसती लांबी, समीक्षा. मधे हात हात उघडी दोरी, तिच्यावरची वाळकी तपकिरी मुळं डिस्टेंपरला चिकटलेली, आणि पानं काय ती टोकाला, उजेडाजवळ. येणाऱ्या-जाणाऱ्याला टोकच दिसतं, म्हणून सगळे म्हणायचे, वा, काय हिरवंगार आहे. कुंडीकडची बाजू कोण बघतो? तिथे मी असायचे, तांब्या घेऊन.

आईनं तिला कधी कात्री लावू दिली नाही, कारण वेल तू आणलेली. 'माह्या समीक्षानं आणली व्हय,' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. दूधवाल्याला, गॅसवाल्याला, मला बघायला आलेल्या पाहुण्यांना. मला बघायला आलेल्यांनासुद्धा वेलीची आणि तुझीच गोष्ट. मलाजखंडला मामा खाणीत होता, आपण उन्हाळ्यात त्याच्या क्वार्टरवर गेलो होतो, आणि तू एवढीशी, मोठ्या साहेबाच्या बंगल्याच्या कुंपणावरून फांदी तोडून फ्रॉकमध्ये लपवून आणलीस. फाटकाशी पहारा मी देत होते. कुत्रा आला तेव्हा तू पळालीस आणि त्याला चप्पल दाखवत मी उभी राहिले. येताना बसमध्ये ओल्या रुमालात गुंडाळलेली फांदी बालाघाटपर्यंत माझ्या मांडीवर होती, कारण तुला खिडकी हवी होती. गोष्टीतून मी कधी गळले कळलंच नाही. आईनं मला वगळलं असंही नाही, गोष्ट सांगायला सोपी व्हावी म्हणून एकच पोरगी ठेवली असेल.

चोरून आणलेली म्हणूनच लागली, असं आई म्हणायची. तुला आठवतं ना, मनीप्लांट मागून आणला तर लागत नाही, कुणी हातानं दिला तरी लागत नाही, मालकाच्या नकळतच न्यावा लागतो, अशी आपल्या गल्लीची पक्की समजूत. म्हणून आईनं जन्मात कुणाला फांदी दिली नाही, आणि तरी गल्लीतल्या निम्म्या घरांत आपलीच वेल आहे. समोरची ललिता यायची. 'काकू, बसतो जराशी,' म्हणून खिडकीशीच बसायची. आईला लगेच कळायचं. 'बस, मी चहा ठेवतो,' म्हणून ती आत जायची आणि आत भांड्यांचा मुद्दाम मोठा आवाज करायची, म्हणजे ललितेला निवांतपणे चोरता यावं. चहा पिताना दोघी हवापाण्याच्या गप्पा मारत, आणि ललितेच्या पदराखालून पान डोकावत असायचं. माणसाचा मान ठेवून चोरू द्यायचं, ही आईची रीत. माझ्या बाबतीत तिनं हातानंही कधी फार दिलं नाही, आणि पाठही फिरवली नाही.

कडू बोलते आहे ना? बोलू दे. इथे ऐकायला शिवणाचं मशीन आहे नि मी आहे.

आईचं विसरणं तुला फोनवरून जेवढं कळलं तेवढंच ठाऊक. आधी भाजीत मीठ दोनदा पडू लागलं. मग काली पुतळी चौकातून घरी यायची वाट हरवली, एका रिक्षावाल्यानं ओळखून आणून सोडलं. मग माणसं. मी शिवणयंत्र तिच्या खोलीत हलवलं, गिऱ्हाईकं बाहेरच्या खोलीत आणि मी आत, असा दोन वर्षं संसार केला. ब्लाउजची मापं घेता घेता मधेच पळावं लागे, म्हणून चांगली गिऱ्हाईकं गेली, ते असो. तू येणार होतीस. 'ताई, सुट्टी मिळाली की निघतेच.' हे तुझं वाक्य. दसऱ्याला सुट्टी होती तर मुलीची स्पर्धा निघाली, नाताळात होती तर जावईबापूंचं ऑफिस गोव्याला गेलं. एकदा मात्र तू गोंदियापर्यंतचं तिकीट खरंच काढलंस. पुण्याहून गोंदियाला थेट गाडी, आणि गोंदियाला उतरलं की घर आलंच म्हणायचं. तेव्हा आईला थोडं कळत होतं. मी तिला सांगितलं आणि ती नवी साडी नेसून सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसली. दर थोड्या वेळानं विचारायची, 'कोठंवर आली?' मुलाला ताप आल्यानं तू निघालीच नव्हतीस. ताप खरा होता, मी नाही म्हणत नाही. पण ते तू मला संध्याकाळी कळवलंस, आणि दिवसभर खुर्चीशेजारी मी उभी होते.

तुझ्याऐवजी पार्सल आलं. तुझे जुने गाऊन आणि सलवार-कुडते, वर चिठ्ठी, 'घरात घालायला अजून चांगले आहेत, ताई.' चांगलेच होते. मला हसू आलं, कारण मी कपडे शिवणारी बाई आणि मला उतरलेले कपडे पुण्याहून येतात. तरी घातले. आईचं उठवणं-धुणं करताना माझे स्वतःचे राहिलेच नव्हते. त्यांतल्या मोतिया रंगाच्या गाऊनचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते.

आता तुझ्या फांद्या. तेरवीच्या दुपारी पंगत उठली, बायका आवराआवर करत होत्या, आणि तू सगळ्यांसमोर खुर्चीवर चढून आईची आठवण म्हणून वेल कापायला लागलीस. माझ्या कापडाच्या कात्रीनं! समीक्षा, शिवणाऱ्याच्या घरात वाढलेल्या पोरीला एवढं कळू नये? त्या कात्रीनं मी साधा कागद कापत नाही. तिला वेलीचा चीक लागला, ती अजून रेशमी कापडावर दात खाते. ललितेनं तोंडाला पदर लावला, कारण आमच्याकडे असं उजळ माथ्यानं कुणी कापत नाही. आणि तू कापलंस काय? पानं. मोठी मोठी, निवडून, फोटोत छान दिसतील अशी, लांब देठासकट. फांदीला तू हातच लावला नाहीस, ती उघडी-बोडकी दिसत होती ना.

तर ऐक. वेलीवर जिथे पान फुटतं तिथे फांदीला एक गाठ असते, बोट फिरवलं की लागते. तिच्यापाशीच तपकिरी मुळाचं टोक असतं. जे काही फुटायचं ते त्या गाठीतून फुटतं, मूळ तिथूनच नि कोंबही तिथूनच. गाठीच्या बोटभर खाली कापायचं, पाण्यात बुडेल ते पान काढून टाकायचं, गाठ पाण्यात ठेवायची, पाणी शिळं झालं की बदलायचं. एवढंच शास्त्र. नुसतं पान देठासकट ठेवलं तर ते मरत नाही. महिनोन् महिने हिरवं राहतं, काचेच्या ग्लासात देखणं दिसतं. तू त्याचे फोटो टाकलेस, खाली लोकांनी हात जोडले. पण त्याला कोंब कधीच येणार नाही, दहा वर्षं पाणी बदललंस तरी. यात आईचा राग वगैरे काही नाही. गाठ तू इथेच सोडून गेलीस, एवढंच झालं.

मी छाटायला बसले तेव्हा वाटलं होतं, जिवावर येईल. नाही आलं. उलट हाताला चव आली. भाजीच्या कात्रीनं कुंडीपासून वीतभर ठेवून सगळी वेल खाली घेतली. भिंतीवरची मुळं ओढली तर डिस्टेंपरच्या खपल्या निघाल्या, महागू डोक्याला हात लावून बसला. बाबांचा चेहरा बाहेर आला. पावसाळ्यात फोटोला ओल लागली आहे, ते नाराज दिसतात, पण निदान दिसतात. आईच्या खाटेवरच्या भिंतीवर मात्र वेल गेली होती तिथे एक फिकट वाट राहिली आहे. महागू म्हणतो, 'पुट्टी लावल्याबगर हे जाणार नाही.' मी म्हटलं, राहू दे.

उघड्या दोरीचे मी गाठीगाठीनं तुकडे केले. ज्यावर एक पान नव्हतं तेही टाकले नाहीत. आईच्या टॉनिकच्या बाटल्या धुऊन ठेवल्या होत्या, त्यांत लावले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत रांग केली. त्या वाळक्या तुकड्यांना आधी मुळं आली, पांढरी, ताज्या शेवयांसारखी. टोकाच्या देखण्या पानांच्या फांद्यांना उशीर लागला. आणि कुंडीतलं खोड, मला वाटलं होतं संपलं, त्याला तीन ठिकाणी कोंब आहेत. परवा ललिता आली, खिडकीशी बसली. मी म्हटलं, बस वहिनी, चहा ठेवते. आयुष्यात पहिल्यांदा मी पाठ फिरवली. भांडी वाजवली. परत आले तर दोन फांद्या बाटल्यांसकट गायब! आईच्या वेळी निदान बाटल्या राहायच्या. कपाला कप लावून आम्ही दोघी हसलो आणि मग दोघी रडलो. ती म्हणाली, 'आता तुमाले अनसी कोण म्हणन?' ती स्वतः मला दीदी म्हणते, गल्लीत सगळे दीदीच म्हणतात, गिऱ्हाईकं मॅडम म्हणतात. तू ताई.

तुला कुरिअरनं फांदी पाठव म्हणतेस. पाठवणार नाही. दिलेली लागत नाही, असं तुझी आई म्हणायची. हवी असेल तर ये. गाडी अजूनही गोंदियापर्यंत थेट आहे. खिडकीत बाटल्या आहेत, गाठ कुठे असते ते आता तुला कळलं, मी चहा ठेवायला आत जाईन. तेवढी पाठ मी तुझ्यासाठी फिरवीन. कात्री मात्र स्वतःची आण.

आता दुसरं. मागच्या दिवाळीनंतर आईनं माझ्या हातचं खाणं सोडलं होतं. ओठ गच्च मिटायची, 'ही कोण बाई व्हय, इले बाहेर काढा,' म्हणायची. एका सकाळी मी तुझा तो मोतिया गाऊन घालून पेज घेऊन गेले. तिनं गाऊनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा सगळा चेहरा उजळला. 'आली का वं समीक्षा?' मी म्हटलं, आई, मी अनसी. ओठ पुन्हा मिटले. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. मग मी म्हटलं, हौ आई, मीच, समीक्षा. तिनं वाटीभर पेज खाल्ली. तेव्हापासून तिच्या जाण्यापर्यंत मी तुझ्या नावानं राहिले, तोच गाऊन सांजचा धुवून सकाळी घालत. तू तिला न्हाऊ घातलंस, तू तिचे केस विंचरलेस, ललितेला तिनं अभिमानानं सांगितलं, माही समीक्षा माह्यासाठी पुण्याचं घरदार सोडून आली. तेव्हा आईनं तुझी आठवण काढली का, तर नाही काढली. तू तिच्या उशाशी होतीस, आठवण कशाला काढेल? आठवण तिनं माझी काढली. रोज. 'अनसी काहून येत नाही वं? तिले माही माया नाही का?' मी तुझंच वाक्य सांगायचे, सुट्टी मिळाली की निघतेच म्हणाली, आई. ती म्हणायची, 'तिले कायची सुट्टी, थे तं पह्यलेपासूनच कोरडी.' आणि मी तिच्या तोंडात पुढचा घास घालायचे. शेवटच्या दुपारी तिचा हात माझ्या हातात होता, नजर दाराकडे होती. 'आली का अनसी?' मी म्हटलं, निघाली आई, गोंदियापर्यंत पोचली. 'हौ,' म्हणाली आणि दाराकडेच बघत राहिली. तेरवीला तू मधोमध बसून रडत होतीस, 'शेवटच्या वेळी मी जवळ नव्हते' म्हणून, आणि बायका तुझी पाठ थोपटत होत्या. तेव्हा मला बोलता आलं नाही, आज तू विचारलंस म्हणून लिहिलं. जिवाला लावून घेऊ नको. तू होतीस तिच्याजवळ. पोचले नाही ती मी.

तुझीच,
अनसी